दुसऱ्या हातातला कागद

“आत्या, टाकून देऊ का हे?” भाच्यानं विचारलं आणि मी ‘थांब’ म्हणेपर्यंत त्याच्या बोटांतून राखाडी पाण्याचे दोन थेंब जांभ्यावर पडलेसुद्धा. त्याच्या तळहातावर जे होतं त्याला वही म्हणायला जीभ रेटत नव्हती. भिजवलेले पोहे मुठीत दाबावेत तसा एक गोळा, मधे गंजून काळी पडलेली पिन, एका कडेला पसरलेला निळा डाग. ज्या लपवलेल्या डब्यातून ती निघाली त्याच्या झाकणाला चार कड्या होत्या, त्यातली एक तुटलेली होती. चार महिने कोसळणाऱ्या आमच्या पावसाला एवढी फट पुष्कळ झाली. तळाशी दोन बोटं पाणी, त्यात एक शिंपला, एक पाच रुपयांचं नाणं, एक प्लास्टिकचं हिरवं बेडूक. सगळ्याला ओल्या गोणपाटाचा वास. भाच्याच्या दुसऱ्या हातात जीपीएस यंत्र होतं. त्याच्या पडद्यावर त्यानं अंगठ्यानं आधी ‘सापडला’ आणि मग ‘दुरुस्ती हवी’ असं दोन्ही दाबून टाकलं होतं. “नोंद झाली की आपली,” तो म्हणाला. “मग आता हे कशाला हवंय?”

मला उत्तर देता आलं नाही. थालीपिठाचा डबा रिकामा होता, त्यात तो गोळा मी अलगद ठेवला. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात: कुणीतरी खजिन्याचा डबा लपवून त्याची जागा जाहीर करतं, बाकीचे यंत्र घेऊन तो शोधतात आणि आतल्या वहीत नाव लिहून जातात. खरं तर खजिन्याच्या डब्यातली वही अशी उचलून आणायची नसते. ती डबा ठेवणाऱ्याची असते आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाची असते. हे माहीत असूनही आणली. घरी येईपर्यंत मांडीवरचा तो डबा मी एकदाही खाली ठेवला नाही, आणि भाच्याचा प्रश्न काही डोक्यातून जाईना.

जागा सांगत नाही, डब्याची जागा उघड करायची नसते. गुहागर तालुक्यातला एक सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, एवढं पुरे. वर गेलं की समुद्र ऐकू येतो पण दिसत नाही. श्रावणात जिथे ‘सीतेची आसवं’ या फुलांनी कातळ जांभळा झालेला असतो तिथे दिवाळीच्या सुट्टीत गुडघाभर पिवळं गवत असतं, आणि त्याची कुसळं सलवारीच्या घेरात अशी शिरतात की घरी येऊन एकेक वेचत बसावं लागतं. जांभा सकाळी दहालाच तापायला लागतो.

पहिल्यांदा मी इथे आले ती दादाबरोबर, २०१० च्या डिसेंबरात. दादा पुण्यात नोकरीला होता आणि हा छंद त्यानंच घरात आणला होता. आई त्याला ‘डबे हुडकणं’ म्हणायची. दादानं मला त्याची जन्मकथा इतक्या वेळा सांगितली होती की ती आमच्याच घरातली गोष्ट वाटावी. उपग्रहांच्या खुणांमध्ये अमेरिकेचं सरकार मुद्दाम घोळ मिसळायचं, त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राची जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० ला तो घोळ बंद झाला. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं एक काळी प्लास्टिकची बादली अर्धीअधिक जमिनीत पुरली आणि अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, आणि वहीत लिहून जा. दादाला यातला तांत्रिक चमत्कार आवडायचा. माझ्या मात्र लक्षात राहिली ती वही. त्या पहिल्या बादलीतसुद्धा वही होती.

तेव्हा दादाकडे गार्मिन कंपनीचं पिवळं ईट्रेक्स यंत्र होतं, मुठीत मावेल एवढं. त्यात नकाशा नव्हता. आकडे भरायचे आणि डब्याला सहा अक्षरांत बसेल असं नाव द्यायचं, बस्स. बाकी सगळं कागदावर. डब्याचं वर्णन, शोधायला किती अवघड आणि चालायला किती अवघड हे सांगणारे एक ते पाचचे आकडे, आधी येऊन गेलेल्यांचे शेरे, आणि सगळ्यात खाली उलटसुलट अक्षरांत लिहिलेला इशारा. हा इशारा सोडवायची किल्ली पानावरच छापलेली असायची. ए ते एम वरच्या ओळीत, एन ते झेड खालच्या. वरचं अक्षर असेल तर खालचं घ्यायचं, खालचं असेल तर वरचं. शनिवारी रात्री दादा ऑफिसातून छापून आणलेली पानं माझ्या पुढ्यात टाकायचा आणि मी पेन्सिलीनं लिहिलेली यादी तपासून फाइलला लावायची. इशारा मात्र आधी सोडवायचा नाही असा आमचा नियम होता. सड्यावर जाऊन, अर्धा तास डोकं फोडून, मग हार मानून सोडवायचा.

सड्यावर दादाच्या हातात यंत्र आणि माझ्या हातात कागद. तो आकडे वाचत पुढे चालायचा. मी मागून वर्णन वाचायची, वाऱ्यावर फडफडणारं पान दोन्ही हातांनी ताणून धरत. शेवटच्या दहा पावलांत यंत्राचा उपयोग संपतो, हे ज्यानं डबा शोधलाय त्यालाच कळतं. अक्षांश-रेखांशातल्या मिनिटाच्या तिसऱ्या दशांश स्थानावरचा एक आकडा म्हणजे उत्तर-दक्षिण जवळजवळ एक मीटर पंच्याऐंशी सेंटिमीटर, पूर्व-पश्चिमेला आमच्या इथे त्याहून थोडंसं कमी. त्यात यंत्राची स्वतःची चूक तीन-चार मीटरची, झाडाखाली जास्तच. म्हणजे यंत्र ‘पोचलात’ म्हणतं तेव्हा आपण एखाद्या घराच्या माजघराएवढ्या जागेत उभे असतो आणि डबा त्या माजघरात कुठेतरी असतो. तिथून पुढे कागद. “‘जिथे माणसानं रचलेलं आणि निसर्गानं रचलेलं एकमेकांना भेटतं’ असं लिहिलंय,” मी वाचायची, आणि दादा गडग्याकडे, रचलेल्या दगडांच्या कुंपणाकडे, बघायचा, आणि गडगा जिथे मूळ कातळाला टेकलाय तिथे आम्ही दोघंही एकदमच धावायचो.

कागदाचे त्रासही काही कमी नव्हते, ते लपवत नाही. घामानं शाई हाताला लागायची. दोनदा वाऱ्यानं पान उडून कड्याखाली गेलं आणि आम्ही अर्धवट माहितीवर परतलो. शिवाय कागद हातात दिसला की वाडीतली माणसं थांबायची. “काय गो, मोजणी करताव काय?” असं एका आजोबांनी विचारलं होतं, काठी टेकून, अगदी माझ्या कागदावर नजर लावून. अंजनवेलच्या बाजूला एन्रॉनच्या वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सड्यावर यंत्र आणि कागद घेऊन फिरणारं माणूस दिसलं की दुसरं काही सुचणार नाही. त्यांना खरं काय ते सांगायला पाऊण तास लागला. शेवटी ते म्हणाले, डबा लपवायचा आणि मग आपणच हुडकायचा, आणि हसले. आम्हाला पाणी दिलं. पण जाताना पुन्हा एकदा कागदाकडे बघून घेतलंच.

पुढच्या वर्षी मे महिन्यात माझं लग्न झालं आणि मी चिपळूणला आले. त्याच पावसाळ्यात दादानं गार्मिनचंच ‘ओरेगॉन’ नावाचं नवं यंत्र घेतलं. आज भाच्याच्या हातात आहे तेच, आता रबर गुळगुळीत झालेलं. संगणकाला वायरनं जोडायचं, या खेळाच्या संकेतस्थळावरून मागवलेली एक जीपीएक्स फाइल त्यात टाकायची, की शेकडो डब्यांची वर्णनं, इशारे, शेवटचे पाच शेरे, सगळं एका फटक्यात आत. इशारा बोट लावलं की सरळ इंग्रजीत. सापडला की तिथेच नोंद, घरी जाऊन ती फाइल संकेतस्थळावर चढवायची. दादा फोनवर लहान मुलासारखा सांगत होता. एकही कागद नाही गं, एकही नाही. पावसात चालतं, उन्हात पडदा दिसतो, दोन पेन्सिल सेल घातले की दिवसभराची काळजी नाही. मला खरंच आनंद झाला होता. सड्यावर मोबाइलला रेंज नसते आणि पावसाचा थेंबसुद्धा मोबाइलच्या पडद्यावर बोट बनून भलतंच काही उघडतो, हे मी आजही अनुभवते. या ठोकळ्याला ती अडचण नाही. आणि आपल्या एका रविवारसाठी वीस-वीस पानं छापायची हे तेव्हाही मला बरं वाटायचं नाही.

फक्त एक गोष्ट मला फार उशिरा कळली.

कागद गेला आणि माझं काम गेलं. यंत्र एकाच हातात मावतं. चालणाराच वाचतो, वाचणाराच नोंद करतो. दादानं कधीही ‘तू येऊ नकोस’ म्हटलं नाही. उलट प्रत्येक सुट्टीत बोलवायचा, आणि दोनदा मी गेलेही. पण त्याच्या मागून चालताना माझे हात रिकामे होते. तो मधेच थांबून पडद्यावर वाचायचा आणि मला सारांश सांगायचा. डबा सापडायचा, मजाही यायची, पण डबा दादाला सापडलेला असायचा. मग घर, नोकरी, सासूबाईंचं आजारपण, आणि मी जाणं बंद केलं. तेव्हा मला वाटलं होतं की वेळ मिळत नाही.

जुन्या पानांची फाइल मात्र मी सासरी आणली होती. साठ-सत्तर पानं असतील. प्रत्येक इशाऱ्याच्या अक्षरांवर दादाच्या नाहीतर माझ्या अक्षरात सोडवलेली अक्षरं. कुठे चिंचेचा डाग, कुठे कडेला बसच्या वेळा. ती दिवाणाखालच्या कप्प्यात होती. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलं तेव्हा आम्ही गॅस, धान्य आणि सासूबाईंची औषधं वर नेली. कागदांची आठवण झाली तेव्हा दिवाणच तरंगत होता. पाणी ओसरल्यावर चिपळूणनं जे केलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको. गल्लीगल्लीत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर सातबारे, गुणपत्रिका, पासबुकं, लग्नाचे फोटो. वाचन मंदिराची भिजलेली पुस्तकं. त्या आठवड्यात कागद वाळवायला आम्ही सगळेच शिकलो. ओली पानं ओढायची नाहीत. कडक उन्हात टाकायची नाहीत, सुरकुततात. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून पंख्याखाली, दर दोन तासांनी घड्या बदलायच्या, आणि पान अर्धवट ओलं असतानाच पातळ सुरीच्या बोथट बाजूनं सोडवायचं. दादाची फाइल मला सापडली ती चिखलाच्या एका विटेसारखी. ती मी वाळवली नाही. आधी मुलाची आणि घराची कागदपत्रं होती, पंखा एकच चालू होता. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे गं, सगळं यंत्रात आहे. त्याचं खरंच होतं. म्हणून मी रडले नाही.

दाभोळच्या खाडीत आमच्या ओळखीचे एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख, आहेत, त्यांची आठवण इथे येतेच. त्यांच्या वडिलांच्या काळी समुद्रातली जागा किनाऱ्यावरच्या खुणांनी धरायचे. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगरावरचं एक झाड एका रेषेत आलं, आणि दुसऱ्या अंगाला अमुक टोकाआडून तमुक खडक निघाला, की जागा आली. आता बोटीवर जीपीएस आहे. कुठे खडकावर जाळं फाटतं, कुठे मासळी लागते, सगळे पॉइंट त्यात भरलेले. पण केबिनमध्ये पत्र्याच्या डब्यात, दोन पिशव्यांना गाठी मारून, त्यांनी एक वहीही ठेवली आहे आणि प्रत्येक पॉइंट तिच्यात आहे. मी विचारलं होतं कशाला म्हणून. खाऱ्या हवेनं यंत्र मेलं की पॉइंट त्याच्याबरोबर मेले, ते म्हणाले. वही भिजली तर वाळवता येते.

तर त्या संध्याकाळी थालीपिठाच्या डब्यातला गोळा मी कुरडयांच्या जाळीवर काढला आणि पुराच्या वेळी शिकलेलं सगळं त्याच्यावर करायला बसले. भाचा आधी लांबूनच बघत होता, मग वर्तमानपत्रं फाडून द्यायला लागला. बाहेरची पानं हाताला लागताच विरघळली. जेलपेननं लिहिलेलं सगळं निळं-जांभळं ढग झालं होतं, एकही अक्षर नाही. मधली नऊ पानं सुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कडक झाली, पापडासारखी, आणि दिव्याखाली तिरकी धरल्यावर चौथ्या पानावर करड्या रेघा चमकल्या. पेन्सिल. दादाचा हट्ट असायचा की डब्यात पेन्सिलच वापरायची, शिसं पाण्यात विरघळत नाही म्हणून. त्याच्या अक्षरात तारीख, १९ डिसेंबर २०१०, सकाळी १०.४०. खाली त्याची सही. आणि त्याच्या सहीखाली माझी.

ती सही मी बारा-तेरा वर्षांत केलेली नव्हती. माहेरच्या आडनावाचा शेवटचा उकार मी लांब ओढायची आणि त्याच रेघेवर शिरोरेघेसारखी एक आडवी रेघ मारायची, तशीच. बँकेतली बदलली, रेशनकार्डावरची बदलली, दहावीच्या प्रमाणपत्रावरची पुरात गेली. ही डोंगरावर एका प्लास्टिकच्या डब्यात राहिली होती.

“बाबांच्या नोंदीत बघूया,” भाचा म्हणाला. यंत्रात शेवटचे पाचच शेरे होते, म्हणून त्यानं लॅपटॉपवर संकेतस्थळ उघडलं आणि जुनी यादी खाली सरकवत गेला. २०१० ची नोंद सापडली. दादाचं तिथलं टोपणनाव, त्याच्याशेजारी पिवळा हसरा चेहरा, आणि एक ओळ, सुंदर जागा, आभार. खातं दादाचं होतं. पैसे तो भरायचा, यंत्र त्याचं, नोंद त्याची, यात कुणाचं काही चुकलेलं नाही. भाच्यानं पुन्हा वर जाऊन खालीपर्यंत पाहिलं. मग माझ्या इतर सगळ्या डब्यांची नावं विचारली आणि एकेक उघडून पाहिला. चौदा डबे. “आत्या, तुझं नाव कुठेच नाही गं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि थोडी तक्रारही, जणू त्यानंच काहीतरी हरवलंय.

रात्री दादाला फोन केला. त्याचा गुडघा आता सडा चढू देत नाही, म्हणूनच यंत्र लेकाकडे आलं आहे. पान सापडल्याचं सांगितलं तर आधी त्यानं विचारलं, “पेन्सिल होती ना?” होती म्हटलं. मग बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, त्या दिवशी इशारा तूच सोडवला होतास, मी ‘गडगा’ म्हणत होतो आणि तू म्हणालीस उंबराचं मूळ. मला हे अजिबात आठवत नव्हतं. मला त्या दिवशीचा वारा आठवतो, आजोबांची काठी आठवते, पाण्याचा तांब्या आठवतो. उंबर आठवत नाही. त्याला आठवत होतं आणि त्यानं ते इतकी वर्षं कुठेच लिहिलं नव्हतं. त्याच्यावर रागवावं की त्याला जवळ घ्यावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

डबा ठेवणाऱ्याला भाच्यानं निरोप पाठवला होता. दोन दिवसांनी उत्तर आलं, वही बदलली तर बरं होईल, आता तिकडे येणं होत नाही. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. नवा डबा, झाकणाला रबर असलेला. नवी छोटी वही, दोन पिशव्यांत. लाकडी पेन्सिल, टोक काढून. जुनी नऊ पानं वेगळ्या पिशवीत घालून नव्या वहीखाली ठेवली. चौथं पान ठेवताना हात रेंगाळला, पण ते माझ्या कपाटात राहिलं असतं तर ते फक्त माझं झालं असतं, आणि ते तिथे लिहिलं होतं. जाताना भाच्यानं यंत्र माझ्या हातात दिलं आणि स्वतः मागून चालला. त्यानं आदल्या रात्री डब्याचं वर्णन वहीच्या पानावर उतरवून घेतलं होतं, इशारा उलटसुलट अक्षरांतच, आणि तो मोठ्यानं वाचत होता. आम्हाला जागा माहीत होती. तरी शेवटची दहा पावलं आम्ही हळू चाललो.

नोंदीची वेळ लिहायला त्यानं यंत्र मागितलं. मी त्याला सांगितलं की नोंदींच्या फाइलमध्ये ते ग्रीनिचची वेळ लिहितं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची, त्यातली घेऊ नकोस. त्यानं माझ्या घड्याळात बघून लिहिलं, सव्वाअकरा. मग तारीख, मग स्वतःचं पूर्ण नाव, शाळेत लिहितात तसं, वडिलांचं नाव मधे. पेन्सिल माझ्यापुढे केली. मी ती कागदावर टेकवली आणि आडनावापाशी येऊन थांबले. सड्यावरचा वारा पान उलटू पाहत होता. त्यानं काही न बोलता वाकून, पानाचा कोपरा अंगठ्यानं दाबून धरला.